कुत्र्याला येणारी फिट : शेळीच्या डोक्यापासून एमआरआयपर्यंत

"डॉक्टर, आमच्या पिल्लाला फिट येते. कांदा हुंगवला, हातात चावी धरली, काही उपयोग नाही. आईची फिटची गोळी घरात आहे, ती अर्धी करून देऊ का?"

डिलाईल रोडसारख्या भागात फॅमिली डॉक्टरला हल्ली असे प्रश्नही येतात. पूर्वी चाळीच्या जिन्याखाली एखादा मोती किंवा टायगर असायचा, सगळ्या चाळीचा. आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्यांच्या लिफ्टमध्ये पग, शिट्झू, पॉमेरेनियन, चिवावा भेटतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोल्यांमध्येही ते आलेत. मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याला औषध लिहून देणं माझं काम नाही, तसं मी सांगतो आणि व्हेटकडे पाठवतो. पण माणसाच्या फिटचा इतिहास वाचायला घेतला की पानोपानी प्राणी भेटतात, आणि त्यांत कुत्रा सर्वांत जास्त. म्हणून आज हा इतिहास सांगतो. मधे मधे उपयोगाच्या गोष्टीही येतील.

आधी एक गोष्ट पक्की करू. फिट हा आजार नाही, ते लक्षण आहे, जसा ताप. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बारीक विजेच्या संदेशांनी बोलतात. एखाद्या वेळी त्यांचा एक गट अचानक, एकदम आणि बेसुमार विजेचा मारा करतो, आणि अंग आखडतं, झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी लघवी होते. माणसात हे जसं घडतं, तसंच कुत्र्यात घडतं. फिट आली एवढं कळलं म्हणजे अर्धंच कळलं. ती का आली, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचं उत्तर कवटीच्या आत आहे, हे ठासून सांगणारं एक जुनं लिखाण सुमारे 2400 वर्षांपूर्वीचं, ग्रीसमधलं आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात 'पवित्र रोग' या विषयावर एक प्रकरण आहे. त्या काळी फिट म्हणजे देवाचा कोप, असं लोक मानत. लेखक म्हणतो, हा आजार इतर आजारांसारखाच आहे आणि त्याचं मूळ मेंदूत आहे. पुरावा म्हणून तो पुढे करतो शेळी. फिट येणाऱ्या शेळीचं डोकं उघडून पाहा, असं तो सांगतो. मेंदू ओलसर, पाण्याने भरलेला आणि दुर्गंधीयुक्त दिसेल. मग शेळीवर कुठला देव कोपला?

मला हा युक्तिवाद फार आवडतो. त्या शेळ्यांच्या डोक्यात नेमकं काय होतं, यावर तर्कच करावे लागतात. कदाचित टेपवर्मच्या अळीची पाण्याने भरलेली गाठ असेल, ती शेळ्यामेंढ्यांत होते. (आपल्याकडे माणसांना येणाऱ्या फिट्सचंही एक मोठं कारण टेपवर्मची अळीच आहे. न धुतलेल्या भाज्या आणि न धुतलेले हात, इतकी साधी तिची वाट आहे.) पण 'आत बघा' ही पद्धत तिथे सापडली. आपल्याकडे चरकसंहितेत अपस्माराचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले आहेत. अपस्मार म्हणजे स्मृती हरपणं. म्हणजे इथेही फिटची गणना व्याधींत झाली आणि तिच्यावर उपचार सांगितले गेले. तरी गावोगाव 'बाहेरचं' म्हणून अंगारे चालू राहिले, ते अजून थांबलेले नाहीत.

माणसाला फिट आली की अंगारा, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला आली की काठी. कारण तोंडाला फेस आलेला, भेलकांडणारा कुत्रा म्हणजे पिसाळलेला, अशी समजूत. ही भीती निराधार नाही, रेबीजमध्येही झटके येतात. पण या भीतीपायी सरसकट कुत्रे मारण्याची पद्धत मुंबईत इंग्रजांनी चालवली, आणि जून 1832 मध्ये त्यावरून फोर्ट भागात मोठी दंगल झाली. कुत्र्याला धर्मात मान देणारे पारशी त्यात पुढे होते, इतर समाजही सामील झाले. त्या वेळी कुत्र्याच्या झटक्यांचं कारण शोधायची सोय शहरात नव्हती.

ती सोय व्हायला अर्धं शतक गेलं. 1874 मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच वर्षी प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्थाही स्थापन झाली. 1883 मध्ये गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने. तुम्ही आम्ही त्याला 'बैलघोडा' म्हणतो. नावातच सगळं आलं. त्या काळची मुंबई बैलांच्या आणि घोड्यांच्या पाठीवर चालत होती आणि दवाखान्यात येणारे रुग्ण प्रामुख्याने कामकरी जनावरं होती. 1886 मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. केईएम नंतर आलं, 1926 मध्ये. म्हणजे परळच्या त्या परिसरात माणसांच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयाआधी चाळीसेक वर्षं बैल आणि घोडे उपचार घेत होते. डिलाईल रोडवरून करी रोडचा पूल ओलांडून गेलं की पंधरावीस मिनिटांत तिथे पोचता येतं.

दरम्यान युरोपात कुत्र्याच्या मेंदूवर वेगळंच काही चाललं होतं. 1870 मध्ये बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोन डॉक्टरांनी, प्रयोगशाळा हाताशी नव्हती म्हणून चक्क हिट्झिगच्या घरी, कुत्र्यांचा मेंदू उघडा करून त्याच्या पृष्ठभागाला सौम्य वीजप्रवाह लावला. एका जागी लावला की विरुद्ध बाजूचा पुढचा पाय हलायचा, दुसऱ्या जागी लावला की मागचा. प्रवाह वाढला की काही कुत्र्यांना फिट यायची. त्याच सुमारास लंडनला ह्युलिंग्ज जॅक्सन हे डॉक्टर रुग्णांच्या फिट्स बारकाईने पाहत होते. झटका अंगठ्यापासून सुरू होऊन हातभर पसरतो, मग चेहऱ्यावर जातो, यावरून मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असला पाहिजे, असा त्यांचा अंदाज होता. बर्लिनच्या कुत्र्यांनी तो खरा ठरवला. आज कुठलीही एथिक्स कमिटी अशा प्रयोगांना परवानगी देणार नाही, आणि देऊ नये. पण तुमच्या घरातल्या कुणाला फिट आल्यावर न्यूरॉलॉजिस्ट पहिला प्रश्न विचारतात, "झटका कुठून सुरू झाला?" त्या प्रश्नामागे ते कुत्रे आहेत.

औषधांची गोष्ट याहून विचित्र आहे. पहिलं खरोखर चालणारं औषध म्हणजे ब्रोमाइड. 1857 मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी सांगितलं की मासिक पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या बायकांना त्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि जवळजवळ सगळ्यांच्या फिट्स थांबल्या. त्यांचा तर्क असा की फिट कामवासनेमुळे येते आणि ब्रोमाइड वासना मंदावतं. तर्क साफ चुकीचा, औषध मात्र बरोबर! वैद्यकात असं बरेचदा होतं. पुढची अर्धशतकाहून अधिक वर्षं माणसांना ब्रोमाइडच दिलं गेलं. त्याने गुंगी यायची, अंगावर पुरळ यायचं, माणूस सुस्त व्हायचा.

दुसरं औषध झोपमोडीतून आलं. 1912 च्या सुमारास जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेड हाऊप्टमान हे तरुण डॉक्टर फिटच्या रुग्णांच्या वॉर्डच्या वरच राहत. रात्रभर खाली कुणी ना कुणी खाटेवरून धाडकन पडायचं आणि यांची झोप उडायची. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्यांनी फिनोबार्बिटोन हे नवं झोपेचं औषध दिलं. रुग्ण झोपले, आणि दिवसाच्याही फिट्स कमी झाल्या. तेच आपलं गार्डिनल, जुन्या पिढीतल्या अनेकांनी वर्षानुवर्षं घेतलेलं. हाऊप्टमान ज्यू होते. 1938 मध्ये नाझींनी त्यांना डाखाऊच्या छळछावणीत टाकलं, नंतर ते अमेरिकेत गेले आणि 1948 मध्ये तिथेच वारले.

आता गंमत बघा. माणसांच्या उपचारांत ही दोन्ही औषधं आज मागे पडली आहेत, ब्रोमाइड तर जवळजवळ नाहीसंच झालं आहे. पण कुत्र्यांच्या फिट्सवर आजही पहिल्या फळीत हीच दोन आहेत. कारण कुत्र्याचं यकृत. माणसाला दिलेलं फेनिटोइन अंगात जवळपास दिवसभर टिकतं. कुत्र्याचं यकृत ते काही तासांत निकालात काढतं, म्हणून गोळीचा असर टिकत नाही. कार्बामाझेपिन आणि व्हॅल्प्रोएट यांचंही तसंच. लॅमोट्रिजिन तर कुत्र्याच्या हृदयाला धोकादायक. तेव्हा "आईची गोळी अर्धी करून देऊ का" याचं उत्तर स्पष्ट आहे : नका देऊ. इथे अर्ध्या-पाव गोळीचा प्रश्नच नाही, औषधच वेगळं लागतं.

उलट ब्रोमाइड कुत्र्याच्या अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते उपयोगी. फक्त त्याचं मिठाशी वाकडं आहे. खाण्यात मीठ वाढलं की मूत्रपिंडं मिठाबरोबर ब्रोमाइडही बाहेर टाकतात, आणि आटोक्यात आलेल्या फिट्स पुन्हा सुरू होतात. ब्रोमाइड चालू असलेल्या कुत्र्याला फरसाण, वेफर्स, सुका बोंबील, पापड यातलं काही 'थोडंसंच' देणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांना हे समजावून सांगा.

आता मेंदूच्या घडणीकडे येऊ, कारण पिल्लांच्या बाबतीत खरा पेच तिथे आहे. मेंदूच्या आत पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव तयार होतो, अरुंद वाटांनी बाहेर येतो आणि रक्तात शोषला जातो. वाट तुंबली की पोकळ्या फुगतात आणि मेंदू आतून दाबला जातो. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात, बोलीत 'डोक्यात पाणी होणं'. हे नळकाम नेमकं कसं चालतं, ते अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी 1913 मध्ये दाखवलं, पुन्हा कुत्र्यांवरच. त्यांनी मेंदूतली ती अरुंद वाट कापसाचा बोळा घालून बंद केली आणि मागच्या पोकळ्या फुगलेल्या दाखवल्या.

कुत्र्यात हे मुद्दाम घडवायची आता गरज उरलेली नाही, कारण माणसाने ते पैदाशीतूनच साधलं आहे. बशीएवढा चेहरा, घुमटासारखं गोल डोकं, मोठाले डोळे असं बाहुलीसारखं पिल्लू हवं म्हणून पिढ्यानपिढ्या तशीच जोडी लावली गेली. चिवावा, पॉमेरेनियन, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, पग यांच्यात डोक्यात पाणी होण्याचा दोष जास्त दिसतो. चिवावाच्या टाळूवरची मऊ, न भरलेली जागा तर एके काळी जातिवंतपणाची खूण मानली जायची. ल्हासा अॅप्सोमध्ये कधी कधी मेंदूवर वळ्याच नसतात, तो गुळगुळीत असतो. कॅव्हेलियर जातीत मागची कवटी मेंदूला अपुरी पडते. पगच्या मेंदूला तरुण वयात एक घातक सूज येते, तिचीही सुरुवात बरेचदा फिटने होते. 2003 मध्ये हच कंपनीच्या मोबाइलच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारा पग दिसला आणि घराघरांत पग आले. कुत्र्यांच्या आरोग्याचा इतिहास कधी कधी टीव्हीवर घडतो.

मग निदान कसं करतात? जुन्या काळी शेळीसारखं, म्हणजे मेल्यावर. जिवंतपणी आत पाहण्याची सोय व्हायला 1971 उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र आलं. त्याआधी त्यांनी यंत्राची चाचणी खाटकाकडून आणलेल्या गुरांच्या मेंदूंवर घेतली होती. पुढे एमआरआय आला. पण व्हेट थेट एमआरआयकडे धावत नाहीत, आणि त्यांनी धावू नयेच.

पहिला प्रश्न वयाचा. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फिट आली, दोन फिट्सच्या मधे कुत्रा अगदी नॉर्मल असला, तपासणीत आणि रक्तात काही सापडलं नाही, तर बहुधा तो प्राथमिक अपस्मार असतो, ज्यात मेंदूची घडण ठीक असते. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला फिट आली तर घडणीतल्या दोषाचा संशय बळावतो. अशा पिल्लाचं डोकं घुमटासारखं दिसतं, डोळे खाली-बाहेर वळलेले असतात, ते शिकवलेलं शिकत नाही, एकाच दिशेने गोल फिरत राहतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं. "किती लाडात येतो बघा, भिंतीला टेकून उभा राहतो," असं घरचे कौतुकाने सांगतात. तो लाड नसतो.

पण पिल्लाच्या फिटची सोपी कारणं आधी तपासावी लागतात. इवल्याशा पिल्लाने चारसहा तास खाल्लं नाही तरी साखर उतरून झटके येतात. काही पिल्लांत यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी असते, मग अमोनिया थेट मेंदूवर चढतो. अशा पिल्लाला फिनोबार्बिटोन दिलं तर अपाय होऊ शकतो, म्हणून औषधाआधी रक्ततपासणी. आणि आपल्याकडे डिस्टेंपर विसरून चालत नाही. लस न घेतलेल्या कुत्र्यात आधी ताप, नाकडोळ्यांतून स्राव, जुलाब, आणि काही आठवड्यांनी च्युइंगम चघळल्यासारखे जबड्याचे झटके, हे चित्र आपल्या व्हेटना नेहमीचं.

टाळू उघडी असेल तर तिच्यातून सोनोग्राफी करून पोकळ्या फुगल्यात का ते दिसतं. स्वस्त आणि भूल न देता. एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते. शिवाय छोट्या जातींच्या कित्येक धडधाकट कुत्र्यांतही या पोकळ्या मोठ्या असतात. रिपोर्टमधली एक ओळ वाचून धीर सोडू नका. चित्र आणि लक्षणं जुळली तरच त्याला आजार म्हणायचं. आपल्या भागाची सोय सांगायची तर जुलै 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं आहे, तिथे सीटी आणि एमआरआय आहे. डिलाईल रोडच्या सात रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं तर ते फार लांब नाही.

घडणीतला दोष गोळीने सरळ होत नाही. उपचार दोन अंगांनी चालतात. फिट रोखायला फिनोबार्बिटोन, ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासिटाम. शेवटचं बरंच सुरक्षित, पण साधारण दर आठ तासांनी द्यावं लागतं, म्हणजे घरात कुणीतरी हवं. फिनोबार्बिटोनवर कुत्रा अधाशी होतो, पाणी खूप पितो. रक्तातलं प्रमाण आणि यकृत ठरावीक काळाने तपासावं लागतं. आणि डोक्यातलं पाणी कमी करायला बहुधा स्टिरॉइड. ते पुरेनासं झालं तर पाणी पोटात सोडणारी बारीक नळी, म्हणजे शंट. शंटच्या व्हॉल्व्हचीही एक गोष्ट आहे. तो 1956 च्या सुमारास जॉन होल्टर या यंत्रकामगाराने बनवला, कारण त्याच्या तान्ह्या मुलाच्या डोक्यात पाणी झालं होतं आणि डॉक्टरांकडचे व्हॉल्व्ह तुंबत होते. गिरणीतल्या फिटरांच्या या वस्तीत ती कुणालाही पटेल. कुत्र्यांतही शंट घालतात. ती शस्त्रक्रिया महाग आहे, नळी तुंबण्याची आणि जंतुसंसर्गाची जोखीम आहे, पण काही कुत्र्यांना तिने पुष्कळ आराम मिळतो.

फिट चालू असताना तुम्ही काय करायचं? घड्याळ पाहा. टीव्ही आणि दिवे बंद करा, कुत्र्याला जिन्यापासून आणि फर्निचरपासून दूर करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालू नका. जीभ गिळली जात नाही, तुमचं बोट मात्र चावलं जाईल. कांदा, चप्पल, लोखंड यांनी फिट थांबत नाही, ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा 24 तासांत दोन-तीन आल्या, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नसेल, वागणं अचानक बदललं असेल आणि तो चावला असेल, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. ही ओळ मी माणसांचा डॉक्टर म्हणून लिहितोय.

राहतो तो प्रश्न, जो लोक दार अर्धं उघडून जाता जाता विचारतात : "याला झोपवून टाकायचं का?" हा निर्णय कधी कधी योग्यच असतो. झटके थांबत नाहीत, मधल्या काळातही कुत्रा खात नाही, ओळखत नाही, वेदनेत आहे, अशा वेळी व्हेटशी मोकळेपणाने बोला. पण पहिल्या दोन फिट्सनंतर, घाबरून, किंवा "शेजारी काय म्हणतील" म्हणून हा प्रश्न विचारला जात असेल तर थांबा. माणसांच्या बाबतीत आपण काय केलं ते आठवा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं ही लग्नातली अडचण मानली होती, वेडाच्या जोडीला एकाच ओळीत. ते दोन शब्द वगळायला 1999 साल उजाडलं. तोवर गोळ्यांवर व्यवस्थित असलेल्या कित्येक मुली सासरी लपूनछपून गोळी घेत होत्या.

औषध सुरू केल्यावर फिट पूर्ण थांबेलच असं नाही. फिट्स निम्म्यावर आल्या, छोट्या झाल्या, दोहोंमधलं अंतर वाढलं, तर व्हेट त्याला यश म्हणतात. ते मोजायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. फिटच्या तारखेवर लाल खूण, शेजारी किती मिनिटं चालली तो आकडा, आणि गोळी चुकली असेल तर तसं. गोळी मनाने बंद करू नका, एकदम तर मुळीच नाही, त्यानेच मोठी फिट येते. तीन महिन्यांनी ती पानं व्हेटपुढे ठेवा. गोळी वाढवायची, दुसरी जोडायची की तशीच चालू ठेवायची, हे ते त्या खुणांवरून ठरवतील.